मेसिनातील दोन प्रणय

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याच्या संग्रही शेक्सपिअरच्या नाटकांची १६३२ साली छापलेली आवृत्ती होती. तिच्या अनुक्रमणिकेत काही नाटकांच्या नावांपुढे राजाने स्वहस्ताने दुसरी नावे लिहून ठेवली आहेत. 'मच अडू अबाउट नथिंग' ह्या नाटकापुढे त्याने लिहिले आहे, 'बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस'. राजाच्या इतर कित्येक निर्णयांविषयी इंग्लंडच्या प्रजेचे मत प्रतिकूल झाले. पण हा निर्णय मात्र रसिकांनी कायम केला. पुढे १८६२ मध्ये बेर्लिओझ ह्या फ्रेंच संगीतकाराने ह्या नाटकावर संगीतिका रचली, तेव्हा त्याने तिला ह्याच दोघांची नावे दिली, आणि मूळ नाटकातील कपटाचे सारे कथानक गाळून टाकले.

श्रोतेहो, ह्यात एक नवल आहे. कथानकाच्या हिशेबाने पाहिले तर बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस ही दुय्यम जोडी. मुख्य कथा आहे क्लॉडिओ आणि हीरो ह्यांची. येथे हीरो हे नायिकेचे नाव आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो. क्लॉडिओ आणि हीरो ह्यांचे प्रेम जडते, विवाह ठरतो, मोडतो आणि पुन्हा जुळतो. नाटकातील सारी उलथापालथ त्यांच्यामुळे घडते. असे असता प्रेक्षक त्यांना विसरतो आणि सदासर्वदा भांडत असलेल्या दुसऱ्या जोडीला मनात घेऊन घरी जातो, हे का? दुसरी जोडी विनोदी आहे, एवढेच उत्तर पुरेसे नाही. एकाच घरात, एकाच सप्ताहात प्रेम करण्याच्या दोन रीती शेक्सपिअरने समोरासमोर ठेवल्या आहेत, आणि त्यांतील कोणती टिकते ह्याची कसोटीही त्याने नाटकातच घेतली आहे. आज त्या कसोटीविषयी बोलावे असा माझा विचार आहे.

हे नाटक १५९८-९९ च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०० साली प्रथम छापले गेले. नावाचा सरळ अर्थ 'काही नसता केवढा गलबला' असा होतो. परंतु त्या काळच्या इंग्रजी उच्चारात 'नथिंग' आणि 'नोटिंग' हे दोन शब्द जवळजवळ सारखे ऐकू येत असत, असे अभ्यासक सांगतात. ज्याची वीस वर्षे फायली चाळण्यात गेली त्याला 'नोटिंग' हा शब्द निराळ्याच अर्थाने परिचित असतो. शेक्सपिअरच्या वेळी त्याचा अर्थ टिपणे, न्याहाळणे, कान देऊन ऐकणे असा होता. आणि ह्या नाटकात पात्रे पदोपदी हेच करतात. कोणी कुंजाआड लपून ऐकतो, कोणी मुखवट्याआडून ऐकतो, कोणी रात्रीच्या अंधारात खिडकीकडे पाहतो. जे ऐकले, जे पाहिले, त्यावर माणूस काय मानतो आणि मानल्यावर काय करतो, हा ह्या नाटकाचा खरा विषय आहे.

स्थळ आहे सिसिली बेटातील मेसिना नगर. लढाई संपली आहे. ॲरागॉनचा राजपुत्र डॉन पेड्रो आपल्या सरदारांसह मेसिनाचा गव्हर्नर लिओनाटो ह्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो. त्याच्याबरोबर फ्लॉरेन्सचा तरुण क्लॉडिओ आहे, पादुआचा बेनेडिक आहे, आणि राजपुत्राचा दासीपुत्र भाऊ डॉन जॉनही आहे. लिओनाटोची एकुलती एक मुलगी हीरो, आणि पुतणी बिअ‍ॅट्रिस.

क्लॉडिओ हीरोला पाहतो आणि मोहित होतो. लढाईला जाण्यापूर्वीही त्याने तिला पाहिले होते, पण तेव्हा डोळे शिपायाचे होते. आता मन मोकळे झाल्यावर त्या जागी कोमल विचारांची गर्दी झाली आहे, अशी कबुली तो देतो. हे सारे तो कोणाला सांगतो? हीरोला नव्हे. प्रथम मित्राला विचारतो, ही मुलगी कशी वाटते. मग राजपुत्राला विचारतो, लिओनाटोला मुलगा आहे काय. मुलगा नाही, हीच एकटी वारस, असे उत्तर मिळते. ह्या प्रश्नावरून क्लॉडिओला लोभी ठरवण्याची घाई करू नये. त्या काळच्या कुलीन घरांतून विवाह हा दोन घराण्यांचा व्यवहार असे, आणि वारसाची चौकशी करणे हा असभ्यपणा नव्हता. आपल्याकडील मध्यस्थांनाही हा प्रश्न अपरिचित नाही. पुढे राजपुत्र म्हणतो, आज रात्री मुखवट्यांचे नृत्य आहे. मी तुझे सोंग घेऊन तिच्याशी बोलतो, तिचे मन वळवतो आणि मग तिच्या वडिलांशी बोलतो. क्लॉडिओ आनंदाने संमती देतो.

म्हणजे पाहा, प्रियकराने पाहिले. प्रेमाराधन दुसऱ्याने केले. तेही पहिल्याचा मुखवटा घालून. आणि विवाह ठरल्यावर जेव्हा हीरो समोर येते, तेव्हा क्लॉडिओच्या तोंडून शब्द फुटत नाही. बिअ‍ॅट्रिस त्याला नाटकातल्या नटाला द्यावी तशी सूचना देते, की आता बोलण्याची पाळी तुमची आहे. तेव्हा तो म्हणतो, की आनंदाचा खरा भालदार म्हणजे मौन. वाक्य सुंदर आहे, यात शंका नाही. पेट्रार्कपासून चालत आलेल्या प्रेमकाव्याच्या परंपरेत ते शोभून दिसेल. त्या परंपरेत प्रियकर दुरून पाहतो, झुरतो, प्रेयसीला रत्नाची आणि देवतेची उपमा देतो. प्रेयसीने काही बोलावे अशी त्याची फारशी अपेक्षा नसते. क्लॉडिओही हीरोला रत्न म्हणतो. रत्नाची पारख डोळ्यांनी होते. रत्नाशी संभाषण करण्याचे कारण पडत नाही.

ह्याच घरात दुसरा प्रणय चालू आहे. पण त्याला प्रणय म्हणावे असे कोणाला वाटत नाही, त्या दोघांना तर मुळीच नाही. नाटकात बिअ‍ॅट्रिसचे तोंड उघडते तेच बेनेडिकची चौकशी करण्यासाठी. तो युद्धातून परत आला का, हा तिचा पहिला प्रश्न. अर्थात तो ती टोमण्याच्या आवरणात गुंडाळून विचारते. बेनेडिक आल्यावर दोघांची जी चकमक झडते तीत एकही शब्द गोड नाही. दोघांनीही विवाह न करण्याची प्रतिज्ञा केली आहे. पण मधूनच एका वाक्यात ती सांगून जाते, की ह्या गृहस्थाने पूर्वी कधी तरी आपले हृदय मला काही काळ उसने दिले होते, आणि मी त्याचे दामदुप्पट व्याज भरले. तेवढ्यावरून आपण समजतो, की ह्या भांडणाखाली एक जुनी जखम आहे.

भाषेच्या दृष्टीनेही दोन्ही जोड्यांत भेद आहे. क्लॉडिओचे प्रेम पद्यात बोलते. बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस गद्यात बोलतात. ह्या नाटकाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग गद्य आहे, आणि त्याचे मोठे श्रेय ह्या दोघांना आहे. गद्यात माणसाला दुसऱ्याचे वाक्य ऐकून घ्यावे लागते, त्यातला एखादा शब्द उचलून परतवावा लागतो. म्हणून भांडता भांडता हे दोघे एकमेकांना पूर्ण ऐकत असतात. क्लॉडिओ आणि हीरो ह्यांच्यात विवाहाच्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष संभाषण असे जवळजवळ नाहीच. ज्यांनी कधी भांडण केले नाही, त्यांनी कधी बोलणेही केले नव्हते, ही गोष्ट आपल्या ध्यानात फार उशिरा येते.

आता नाटकातील अत्यंत लोकप्रिय असे दोन प्रवेश येतात. ह्या दोघांना प्रेमात पाडण्याचा कट राजपुत्र रचतो. बेनेडिक बागेत लपलेला आहे हे पाहून राजपुत्र, लिओनाटो आणि क्लॉडिओ मोठ्याने बोलू लागतात, की बिअ‍ॅट्रिस बेनेडिकवर प्राण टाकते, रात्री उठून पत्रे लिहिते आणि फाडते. पण त्याला सांगण्यात अर्थ नाही, कारण तो तिची थट्टाच करील. पुढच्या अंकात हीरो आणि तिची सखी अर्सुला बिअ‍ॅट्रिसला अशाच रीतीने ऐकवतात, की बेनेडिक तिच्यासाठी झुरतो आहे. पण तिचा स्वभाव इतका गर्विष्ठ, की दुसऱ्याच्या गुणाकडे ती सरळ डोळ्यांनी पाहूच शकत नाही.

हा डाव यशस्वी कशाने होतो? दोघेही अहंकारी होते आणि स्तुतीने फसले, असे पुष्कळ टीकाकार सांगतात. परंतु त्या लपलेल्या माणसांनी प्रत्यक्षात काय ऐकले, ते पाहिले पाहिजे. 'अमुक तुझ्यावर प्रेम करते' हे त्यांनी ऐकले खरे, पण त्यासोबत आपले दोषही ऐकले. बेनेडिकने ऐकले, की तो निर्दय उपहास करणारा आहे. बिअ‍ॅट्रिसने ऐकले, की ती तुच्छतेने बोलते. आणि ह्या निंदेवर दोघांपैकी कोणीही रागावत नाही. बेनेडिक एकटा पडताच स्वतःला बजावतो, की आपले दोष ऐकून जे सुधारतात ते भाग्यवान. बिअ‍ॅट्रिसचे कान तापतात, ती आपल्या गर्वाला निरोप देते आणि आजवर गद्यात बोलणारी ही मुलगी एकाएकी यमकबद्ध पद्यात बोलते. लबाडी खरी, पण तिने ह्या दोघांचे तोंड स्वतःकडे वळवले.

मन वळवण्याची हीच युक्ती, हीच साधने, त्याच आठवड्यात डॉन जॉन वापरतो. विवाहाच्या आदल्या रात्री तो क्लॉडिओला आणि राजपुत्राला सांगतो, की हीरो एकनिष्ठ नाही. माझ्याबरोबर चला, दाखवतो. त्याचा सेवक बोराचिओ ह्याने मध्यरात्री हीरोच्या खिडकीशी तिची दासी मार्गारेट हिच्याशी प्रेमाच्या गोष्टी करायच्या, मार्गारेटच्या अंगावर हीरोची वस्त्रे असायची, आणि दूर अंधारात उभ्या असलेल्या क्लॉडिओने ते पाहायचे, असा बेत असतो. ही कल्पना जुनीच. आरिओस्टोच्या महाकाव्यात ती आहे, आणि बान्देल्लोच्या इटालियन कथेत मेसिनाच्याच एका कन्येवर असाच आरोप येतो. शेक्सपिअरने मात्र खिडकीचा हा प्रसंग रंगभूमीवर दाखवलाच नाही. क्लॉडिओच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचा मोह प्रेक्षकाला होऊ नये, ही खबरदारी त्याने घेतली.

ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. खिडकीकडे जाण्यापूर्वीच क्लॉडिओ सांगून टाकतो, की आज रात्री जर मला काही दिसले, तर उद्या जेथे विवाह व्हायचा त्याच जनसमुदायासमोर मी तिची विटंबना करीन. राजपुत्र म्हणतो, तुझ्यासाठी मीच तिला मागणी घातली होती, आता तिची अप्रतिष्ठा करण्यातही मी तुझा सोबती होईन. न्यायदानाशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला हे ऐकून कसेसेच होते. पुरावा पाहिला नाही आणि शिक्षा ठरली. तिची जागा ठरली, वेळ ठरली, साक्षीदार ठरले. असे मन एकदा झाले म्हणजे खिडकीत कोण उभे आहे ह्याला फारसे महत्त्व उरत नाही. डॉन जॉनला क्लॉडिओचे मन वळवण्यासाठी विशेष श्रम पडत नाहीत. मुखवट्यांच्या नृत्यातही त्याने एकदा सांगितले होते, की राजपुत्र हीरोला स्वतःसाठीच मागणी घालतो आहे. आणि क्लॉडिओने तेही तत्काळ खरे मानले होते. त्या वेळी प्रकरण हसण्यावारी गेले आणि त्यापासून क्लॉडिओ काहीच शिकला नाही. बागेतल्या लबाडीने ऐकणाऱ्याला स्वतःचे दोष दाखवले. खिडकीखालच्या लबाडीने दुसऱ्याचा दोष दाखवला. दुसऱ्याचा दोष मानण्यास माणसाला अधिक पुरावा लागायला हवा. प्रत्यक्षात कमी लागतो.

त्याच रात्री पावसात एका ओसरीखाली उभे राहून बोराचिओ आपल्या मित्राला ह्या कपटाची सारी हकीकत सांगतो. ती कोणाच्या कानी पडते? नगराच्या अडाणी पहारेकऱ्यांच्या. ते दोघांना पकडतात. त्यांचा नायक डॉगबेरी मोठे शब्द हटकून चुकीचे वापरणारा, स्वतःच्या अधिकाराने फुगलेला, पण मनाने प्रामाणिक असा गृहस्थ आहे. विवाहाच्या दिवशी सकाळी तो आणि त्याचा म्हातारा जोडीदार व्हर्जेस गव्हर्नर लिओनाटोकडे वर्दी देण्यास येतात. लिओनाटो लग्नाच्या घाईत. डॉगबेरी मुद्द्यावर येत नाही. व्हर्जेसच्या वयाविषयी बोलतो, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी बोलतो, परमेश्वराविषयी बोलतो. लिओनाटोचा धीर सुटतो. तो सांगतो, तुम्हीच जबानी घ्या आणि मला आणून द्या, मी फार घाईत आहे. जाण्यापूर्वी थोडी मदिरा घ्या. आणि तो मुलीच्या लग्नाला निघून जातो. त्याने आणखी दोन मिनिटे ऐकून घेतले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

प्रेक्षक येथे खूप हसतो. मला ह्या प्रवेशात मोकळेपणाने हसता येत नाही. माझ्या नोकरीच्या प्रारंभी मी एका तालुक्याच्या गावी होतो. एका संध्याकाळी एका समारंभास निघालो असता एक वृद्ध कोतवाल दाराशी आला. दोन भाऊबंदांत शेताच्या बांधावरून कुरबूर चालली आहे, असे काहीसे तो सांगू लागला. त्याचे बोलणे आडवळणाचे होते. बांधावरून तो विहिरीवर आला, विहिरीवरून कोणाच्या तरी लग्नावर गेला. मी घड्याळाकडे पाहिले आणि 'उद्या लेखी घेऊन या' असे सांगून गाडीत बसलो. त्याच रात्री त्या बांधावर कुऱ्हाड उचलली गेली. माणूस वाचला; परंतु त्याचा उजवा हात पुढे कधी कामास आला नाही. कोतवालाला लिहिता येत नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. लिओनाटोला मी तेव्हापासून फार जवळून ओळखतो.

असो. आता आपण देवळात येऊ. बान्देल्लोच्या कथेत वर आपला नकार निरोप्याकरवी मुलीच्या घरी कळवतो. शेक्सपिअरने तो प्रसंग उचलून धर्मवेदीसमोर, भरल्या सभेत आणला. क्लॉडिओ हीरोला तिच्या बापाच्या हाती परत देतो, नासके फळ परत द्यावे तसे. तो तिला एक प्रश्न विचारतो, की काल रात्री बारा आणि एकच्या दरम्यान तुझ्या खिडकीशी कोणता पुरुष तुझ्याशी बोलत होता. ती म्हणते, कोणीही नाही. ह्या उत्तराचा काहीही उपयोग नाही, कारण प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नव्हता. हीरो मूर्च्छित पडते. क्लॉडिओ, राजपुत्र आणि डॉन जॉन निघून जातात. आणि लिओनाटो, तिचा जन्मदाता, म्हणतो, की ती मेलेली बरी. दुष्यंताने शकुंतलेला भर सभेत नाकारले, त्याला निदान दुर्वासाच्या शापाचा आधार होता. येथे शाप कोणाचाच नाही.

ह्या वेळी हीरोच्या बाजूने कोण उभे राहते? एक तो धर्मगुरू फ्रान्सिस, जो सांगतो, की मी इतका वेळ हिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, हा चेहरा अपराध्याचा नव्हे. पाहणे त्याचेही आहे, पण त्याने पाहिले ते समोरच्या माणसाचे मुख. दुरून खिडकीतली आकृती नव्हे. आणि दुसरी बिअ‍ॅट्रिस. ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणते, की माझ्या बहिणीवर खोटा आळ आला आहे. बेनेडिक तिला विचारतो, की काल रात्री तू तिच्याजवळ निजली होतीस काय. ह्या प्रश्नावर 'होय' म्हटले असते तर आळ तेथल्या तेथे संपला असता. बिअ‍ॅट्रिस खरे सांगते: काल रात्री नव्हते, त्यापूर्वी वर्षभर मात्र रोज होते. पुरावा हीरोच्या विरुद्ध जातो आहे हे तिला कळते, तरी ती तो पुरावा खोटा करत नाही आणि आपला विश्वासही सोडत नाही. दिवसरात्र थट्टा करणाऱ्या ह्या मुलीचा शब्द केवढा वजनदार होता, ते त्या क्षणी दिसून येते.

सारे गेल्यावर देवळात दोघेच उरतात. बिअ‍ॅट्रिस रडते आहे. आणि येथे, ह्या अत्यंत विपरीत वेळी, बेनेडिक तिला सांगतो, की माझे तुझ्यावर प्रेम आहे. तीही कबूल करते. आनंदाच्या भरात तो म्हणतो, काय हवे ते करायला सांग. ती दोनच शब्दांत सांगते, की क्लॉडिओला ठार मार. बेनेडिक आधी साफ नकार देतो. क्लॉडिओ त्याचा मित्र, सहयोद्धा. ती जाऊ लागते. तो अडवतो. ती संतापाने म्हणते, की मी पुरुष असते तर हे काम स्वतःच केले असते. तो प्रेमाच्या शपथा घेऊ पाहतो, ती शपथांवर थांबायला तयार नाही. तेव्हा बेनेडिक थट्टा, शपथा, आर्जव सारे बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारतो: क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला आहे, असे तुला अंतःकरणापासून वाटते काय? ती म्हणते, मला अंतःकरण आहे हे जितके खरे, तितकेच तेही खरे. तो म्हणतो, पुरे झाले; मी त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो.

श्रोतेहो, त्याच दिवशी, त्याच वेदीसमोर दोन पुरुषांनी दोन स्त्रियांना एकेक प्रश्न विचारला. क्लॉडिओने प्रश्न विचारण्यापूर्वी उत्तर ठरवले होते. बेनेडिकने आपले पुढचे आयुष्य, आपली मैत्री, राजपुत्राची चाकरी हे सारे तिच्या उत्तरावर सोपवले. त्याच्याजवळ अन्य पुरावा काहीच नव्हता. खिडकीखाली उभ्या राहिलेल्या दोन प्रतिष्ठित पुरुषांच्या साक्षीविरुद्ध एका स्त्रीचा शब्द, इतकेच. तो शब्द त्याने मानला. कारण ती खोटे बोलत नाही, हे तो वर्षानुवर्षे तिच्याशी भांडून शिकला होता. माझ्या मते नाटकातील खरे प्रेमाराधन हेच आहे. त्यात एकही उपमा नाही.

बेनेडिक आपला शब्द पाळतो. तो राजपुत्राची चाकरी सोडतो आणि क्लॉडिओला आव्हान देतो. क्लॉडिओ आणि राजपुत्र ते थट्टेवारी नेऊ पाहतात. एका घरात एक मुलगी मेली आहे अशी त्यांची समजूत आहे, आणि तरीही ते विनोद करीत आहेत. आजवर नाटकात विनोदाचा मक्ता ज्याच्याकडे होता, तो बेनेडिक मात्र एकटा गंभीर आहे. इतक्यात डॉगबेरी कैद्यांना घेऊन येतो. चौकशीचा त्याने घोळ घातलेला असतो. पण सगळे ऐकून घेऊन, क्रमाने विचारून, जबानी लिहून गव्हर्नरकडे नेणारा एक लेखनिक तेथे असतो. त्या लेखनिकाचे भाषण चारदोन ओळींचे आहे. नाटक सुखान्त होण्यास तो मोठे कारण झाला, हे आमच्या व्यवसायातील माणसांनी तरी विसरू नये.

क्लॉडिओच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. तो तरुण आहे, आणि त्याच्याहून अनुभवी असा राजपुत्रही त्याच्याबरोबर फसला. स्वतःचे घरचे प्रेम असलेला बापदेखील फसला. शिवाय संशय ही काही मेसिनाची मिरास नव्हे. शेक्सपिअरने चारपाच वर्षांनी हाच धागा पुन्हा हाती घेतला आणि 'ऑथेल्लो' लिहिले. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचे 'झुंजारराव' केले, आणि दुष्ट मित्राच्या शब्दावर निरपराध पत्नीचा जीव घेणारा नायक मराठी प्रेक्षकाने पाहिला. त्याच देवलांनी मूळ फ्रेंच प्रहसनाच्या आधाराने 'संशयकल्लोळ' लिहिले, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या अर्धवट गोष्टीवरून माणसे किती हास्यास्पद होतात ते दाखवले. एकाच विकाराचे एक टोक शोकाचे, दुसरे हास्याचे. मेसिनाचे हे नाटक त्या दोहोंच्या मधोमध उभे आहे. डॉगबेरी मध्ये आला नसता, तर त्याचे 'झुंजारराव' व्हायला फार अवकाश नव्हता.

शेवटी क्लॉडिओला जे प्रायश्चित्त मिळते ते विचार करण्याजोगे आहे. रात्री हीरोच्या थडग्यापाशी जाऊन त्याने शोकगीत म्हणवून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी लिओनाटोच्या दुसऱ्या एका पुतणीशी, तिचे तोंड न पाहता, विवाह करायचा. मुखवटे घातलेल्या स्त्रिया येतात. तो मुख पाहू द्या म्हणतो. लिओनाटो नकार देतो. आधी हात धर, मग मुख पाहा. ज्याने केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, त्याला आता डोळे मिटून वचन द्यावे लागते. वचन दिल्यावर मुखवटा निघतो, आणि समोर हीरो असते. तिने त्याला क्षमा केली. आपण पूर्णपणे केली आहे असे मला वाटत नाही. आणि राजा चार्ल्सच्या त्या हस्तलिखित नोंदीचे कारणही बहुधा हेच असावे.

बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस ह्यांचे काय होते? मित्रांच्या कटाची गोष्ट बाहेर फुटते आणि दोघेही चारचौघांत प्रेम नाकारू लागतात. तेव्हा दोघांनीही एकमेकांवर लिहिलेले कागद बाहेर येतात. बेनेडिकला कविता जमत नाही. यमके जुळवताना त्याची झालेली फजिती आपण आधीच पाहिलेली असते. पण वाईट कविता स्वतः लिहिलेली होती, हे महत्त्वाचे. ती लिहिण्याचे काम त्याने राजपुत्राला सांगितले नव्हते. मग दोघे विवाहास संमती देतात, अर्थात एकमेकांवर उपकार केल्याचा आव आणून. आणि नृत्य सुरू होते.

संसाराला आरंभ करताना गोड बोलता आले पाहिजे, असे आपण तरुणांना सांगत आलो आहोत. ते चूक नाही. पण मेसिनाच्या देवळात गोड बोलणारा माणूस पहिल्याच वादळात निघून गेला आणि भांडणारा थांबला. तो थांबला, कारण त्याने भांडताना ऐकले होते. ऐकणे ही गोष्ट दिसायला सोपी. लिओनाटोला ती दोन मिनिटे साधली नाही, आणि एके संध्याकाळी मलाही साधली नाही.